‘कंपाउंड’ : एका शब्दाचा प्रवास, मलाक्का ते गिरणगाव

१/
मराठी माणसाला ‘कंपाउंड’ दोन ठिकाणी भेटते. एकदा दवाखान्याच्या छोट्या खिडकीआड, जिथे कंपाउंडर औषधाच्या पुड्या बांधत असे आणि बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत असे. दुसऱ्यांदा त्याच दवाखान्याभोवती, विटांच्या भिंतीच्या रूपात. इंग्रजीत दोन्ही शब्द अक्षरशः सारखेच लिहिले जातात. त्यांची मुळे मात्र एकमेकांपासून हजारो मैल दूर आहेत. हा थ्रेड दुसऱ्या कंपाउंडविषयी.

२/
पहिल्याचे कुळ लॅटिन. ‘कॉम्पोनेरे’ म्हणजे एकत्र ठेवणे, जुळवणे. तेथून फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत आला. औषधे मिसळतो तो कंपाउंडर. दोन मूलद्रव्ये जुळून होते ते कंपाउंड, म्हणजे संयुग. व्याज मुद्दलात मिसळत गेले की ते कंपाउंड इंटरेस्ट, म्हणजे आपले चक्रवाढ. या सगळ्या कुटुंबात भिंत कोठेही नाही.

३/
भिंतीच्या कंपाउंडचे मूळ बहुतेक कोशकार मलय भाषेतील ‘काम्पुंग’ या शब्दात शोधतात. काम्पुंग म्हणजे खेडे, वस्ती, कुंपणाने वेढलेला घरांचा पुंजका, किंवा शहरातील एखाद्या समाजाचा मोहल्ला. याच शब्दावरून मलयमध्ये ‘बर्काम्पुंग’ हे क्रियापद झाले आहे. त्याचा अर्थ एकत्र जमणे. योगायोग असा की, लॅटिन शब्दातही एकत्र येणे आहे आणि मलय शब्दातही. फरक इतकाच, की लॅटिनमध्ये वस्तू एकत्र येतात आणि मलयमध्ये माणसे.

४/
मराठी वाचकाला हे समजणे अवघड नाही, कारण आपला ‘वाडा’ हा काम्पुंगचा जवळचा सोबती आहे. गुरे कोंडतात तो वाडा, सरदार राहतो तोही वाडा. कुंभारांची आळी तो कुंभारवाडा, आणि गावकुसाबाहेर ठेवलेली वस्ती तो महारवाडा. एकाच शब्दात कुंपणही आहे, घरही आहे आणि कोणी कोठे राहायचे याचा हुकूमही. कंपाउंडच्या पुढच्या चारशे वर्षांच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी आलटून पालटून भेटतील.

५/
सुरुवात मलाक्कापासून. १५१० साली अफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मसाल्यांच्या व्यापाराची ती नाडी होती. तोमे पिरेश या पोर्तुगीज औषधव्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, मलाक्काच्या बंदरात ८४ भाषा कानी पडत. गुजराती, जावानीज, चिनी, कोरोमंडल किनाऱ्यावरचे व्यापारी अशा सगळ्यांची ये-जा होती आणि ज्याची त्याची वस्ती वेगळी होती. त्या वस्त्यांची नावे पोर्तुगिजांना घ्यावीच लागली.

६/
मलाक्कात जन्मलेला आणि गोव्यात शिकलेला मानुएल गोदिन्यु द एरेदिया हा नकाशाकार. १६१३ साली त्याने मलाक्काचे वर्णन लिहिले. त्यात ‘काम्पोन शेलिं’ आणि ‘काम्पोन शिना’ अशी नावे येतात. पहिला भाग कोरोमंडलहून आलेल्या ‘क्लिंग’ लोकांचा, दुसरा चिन्यांचा. क्लिंग हे नाव कलिंगावरून पडले असे मानतात. मलाक्कातील काम्पुंग क्लिंग मशीद आजही उभी आहे. शब्दाने युरोपीय लिपीत पाऊल टाकले ते असे, शेजाऱ्यांच्या मोहल्ल्याचे नाव म्हणून.

७/
१६१९ साली डचांनी जावा बेटावर बटाव्हिया वसवले, म्हणजे आजचे जाकार्ता. तटाच्या आत कोण राहील हे कंपनी ठरवी. सभोवतीच्या जावानीज लोकांची तिला भीती वाटे, म्हणून त्यांना आत वस्ती करण्यास मनाई होती. बाहेर बाली, बुगिस, अंबोन अशा बेटांवरून आलेल्यांच्या वस्त्या त्यांच्या त्यांच्या मूळ प्रदेशाप्रमाणे वेगळ्या मांडल्या गेल्या. काम्पुंग बाली, काम्पुंग अंबोन, काम्पुंग मलायू ही नावे जाकार्तात अजूनही ऐकू येतात.

८/
मलाक्कात वस्त्या बऱ्याच अंशी व्यापाराच्या सोयीने पडल्या होत्या. बटाव्हियात त्यांना कंपनीचा आराखडा मिळाला. ऑक्टोबर १७४० मध्ये त्या शहरात चिनी रहिवाशांची भीषण कत्तल झाली. जे वाचले त्यांना तटाबाहेर ग्लोडोक या भागात राहावयास लावले. वस्तीचे कुंपण कोणी घातले, आत राहणाऱ्यांनी की बाहेरच्या सत्तेने, हा प्रश्न तेथपासून या शब्दाला चिकटला.

९/
आता इंग्रजांकडे वळू. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जावातील बँटम येथील वखार सतराव्या शतकाच्या आरंभीच उघडली होती. मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला १६४० चा, आणि काही काळ मद्रासचा कारभार बँटमच्या अखत्यारीत होता. तेच कारकून, तेच दलाल आणि तीच जहाजे या दोन किनाऱ्यांमध्ये फिरत. त्यांच्या पेटाऱ्यांतून मिरी आणि कापड गेले तसे शब्दही गेले.

१०/
इंग्रजी लिखाणात हा शब्द सापडतो तो १६७९ साली. मद्रासचा गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर त्या वर्षी किनाऱ्यावरील वखारींच्या तपासणीला निघाला होता. एप्रिलमध्ये आजच्या आंध्रातील पालकोल्लू येथे त्याच्या पथकाने डचांची वखार पाहिली आणि तिच्या प्रशस्त ‘कंपाउंड’ची नोंद केली. तेथे निळे कापड रंगवीत. त्यासाठी जमिनीत तीनशेहून अधिक रांजण पुरलेले होते.

११/
ही नोंद मोलाची आहे, कारण तीत भिंतीबद्दल काही नाही. तीत आहेत रांजण, नीळ आणि उत्तम प्रतीचे चित्रित कापड. १६७९ मधल्या त्या लेखनिकाच्या मनात कंपाउंड म्हणजे काम चालते ते आवार होते. रांजणात हात बुडवणाऱ्या रंगाऱ्यांची नावे त्या नोंदीत नाहीत. कंपाउंडमधल्या माणसांची नावे कागदावर न येणे हे मात्र तेथपासून पुढे बराच काळ चालू राहिले.

१२/
‘काम्पुंग’चे ‘कंपाउंड’ कसे झाले? अनोळखी शब्द कानी पडला की जीभ त्याला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवते. इंग्रजांच्या तोंडी मिश्रणवाचक ‘कंपाउंड’ आधीपासून होता. मलय शब्द त्यात अलगद बसला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपल्या रोजच्या वापरातील ‘गोदाम’ही याच समुद्रावरचा प्रवासी आहे. मलय ‘गुदांग’, इंग्रजी ‘गोडाउन’ आणि आपले गोदाम ही एकाच घरची भावंडे.

१३/
या शब्दाची कसून चौकशी दोन साहेबांनी केली. हेन्री यूल हा बंगालच्या इंजिनियर दलातील अधिकारी, आणि आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यातील न्यायाधीश व संस्कृतज्ञ. भारतातील इंग्रजांच्या बोलीचा त्यांचा कोश, ‘हॉब्सन-जॉब्सन’, १८८६ साली प्रसिद्ध झाला. बर्नेल त्यापूर्वी चार वर्षे, १८८२ मध्ये वारला होता. कोशात कंपाउंडची पोर्तुगीज, फ्रेंच आणि मलय अशी तिन्ही मुळे तपासली आहेत. मलय मुळाकडे बोट दाखवण्याचे श्रेय जॉन क्रॉफर्ड या सिंगापूरच्या जुन्या रेसिडेंटला दिले आहे.

१४/
यूल आणि बर्नेल यांच्या काळी भारतात कंपाउंड म्हणजे बंगल्याभोवतीची मोकळी जमीन. लष्करी छावण्या आणि सिव्हिल लाइन्स उभ्या राहिल्या तेव्हा गावापासून दूर, ऐसपैस जागेत, मधोमध बंगला आणि सभोवार कंपाउंड अशी रचना ठरून गेली. कडेला बुटकी भिंत किंवा छाटलेली झुडपे, फाटकाच्या खांबावर साहेबाचे नाव. वसाहतकालीन नगररचनेचे अभ्यासक अँथनी किंग यांनी बंगला आणि कंपाउंड हे एकच एकक मानून त्याचा अभ्यास केला.

१५/
हे कंपाउंड मोठे असे. त्याच्या मागच्या कडेला तबेला, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या. खानसामा, माळी, भिस्ती, आया, मोतद्दार आणि त्यांची कुटुंबे तेथे राहत. म्हणजे साहेबाच्या एका कुटुंबाभोवती एक छोटासा काम्पुंग वसलेलाच होता. पण फाटकावर नाव एकाचेच. या कंपाउंडची कडी आतून होती आणि ती साहेबाच्या हातात होती. गावातील गलका, धूळ आणि रोगराई बाहेर ठेवणे हे तिचे काम.

१६/
त्याच शतकात महाराष्ट्रात आणखी एक कंपाउंड उभे राहिले, मिशन कंपाउंड. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात ठाणे केले. चर्च, शाळा, दवाखाना आणि घरे एकाच आवारात. धर्मांतर केलेल्या माणसाचे पाणी तुटे, घर तुटे, कधी गावही तुटे. अशांना मिशन कंपाउंड हे छप्पर होते. त्याच भिंतीने ते गावापासून आणखी दूर गेले, अशी खंत पुढे ख्रिस्ती समाजातील विचारवंतांनीही बोलून दाखवली. आसरा आणि दुरावा एकाच विटेतून बांधले गेले होते.

१७/
पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशनही याच काळातले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा गोळा केल्या आणि त्यांना आपल्या आश्रयाला आणले. दुष्काळात अशा मुलींना फसवून पळवणारे टपलेले असत. त्या मुलींसाठी भिंत ही संरक्षणाची होती. कंपाउंडचा हा अर्थ विसरू नये, कारण पुढची हकीगत नेमकी याच्या उलट्या टोकाला जाते.

१८/
दक्षिण आफ्रिकेतील किम्बर्ली. १८७१ साली एका टेकडीवर हिरे सापडले. काही वर्षांत टेकडी नाहीशी होऊन तेथे प्रचंड विवर पडले. खणणारे बहुतेक आफ्रिकी, दूरदूरच्या प्रदेशांतून काही महिन्यांच्या करारावर आलेले. हिरा मुठीत लपतो, तोंडात मावतो, पोटातही जातो. मालकांना चोरीची धास्ती होती. स्वस्त आणि बांधलेली मजुरीही हवी होती. ब्राझीलच्या हिऱ्यांच्या खाणींतील गुलामांच्या बराकींचा नमुना त्यांच्यासमोर होता.

१९/
१८८५ साली किम्बर्लीत पहिले ‘बंद कंपाउंड’ सुरू झाले. पुढच्या वर्षी डी बीअर्स कंपनीने तीच पद्धत घेतली. मधे मोकळी चौकट, चारी बाजूंना पत्र्याच्या खोल्या, बाहेर उंच कुंपण. करार संपेपर्यंत कामगाराने बाहेर पडायचे नाही. कंपाउंडमधून खाणीकडे जाण्यासाठी बंदिस्त वाट. आतच कंपनीचे दुकान, आतच दवाखाना. हिरा फेकून बाहेरच्या साथीदाराकडे पोचवता येऊ नये म्हणून वरूनही तारेची जाळी ताणलेली.

२०/
करार संपला तरी सुटका लगेच नव्हती. शेवटचे काही दिवस कामगाराला वेगळ्या खोलीत ठेवीत. अंगावरचे कपडे काढून घेत. हातांवर बोटांना जागा नसलेले जाड मोजे चढवून ते बांधून टाकीत. गिळलेला हिरा पोटातून पडतो का, ते तपासले जाई. एवढे झाल्यावर माणूस आपली मजुरी घेऊन फाटकाबाहेर पडे. निळीच्या रांजणांचे आवार सांगणारा शब्द दोनशे वर्षांत येथवर येऊन पोचला होता.

२१/
किम्बर्लीत गोरे कामगारही होते. अंगझडतीच्या नियमाविरुद्ध त्यांनी १८८३ आणि १८८४ साली संप केले. १८८४ च्या संपात गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर मालकांनी गोऱ्यांच्या झडतीचा आग्रह सैल केला आणि कंपाउंडात कोंडले गेले ते फक्त आफ्रिकी. चोरी कोणाच्याही हातून होऊ शकते. कुंपण मात्र कातडीचा रंग पाहून घातले गेले. १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सने खाणी एका छत्राखाली आणून डी बीअर्स कन्सॉलिडेटेड उभी केली आणि ही पद्धत पक्की झाली.

२२/
ती किम्बर्लीपुरती राहिली नाही. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींनी कंपाउंड घेतले, फक्त कुलपाऐवजी पास आला. १९०४ पासून सुमारे ६३,००० चिनी मजूर तेथे आणले गेले आणि त्यांनाही कंपाउंडात ठेवले. १९०६ च्या ब्रिटिश निवडणुकीत ‘चिनी गुलामगिरी’ ही घोषणा गाजली. आफ्रिकान्स भाषेत खाणकामगारांच्या अशा बंदिस्त वस्तीला ‘काम्पोंग’ म्हणत. मलय खेड्याचे नाव, अक्षर न अक्षर, खाणीच्या फाटकावर येऊन बसले.

२३/
येथून गोष्ट पुन्हा आपल्याकडे येते. नाताळ प्रांतातील ऊसमळ्यांत आणि कोळशाच्या खाणींत गिरमिटिया हिंदी मजूर होते. गिरमिट संपल्यावर तेथेच राहू पाहणाऱ्यावर वर्षाला ३ पौंडांचा कर बसे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. जे आधीच तेथे होते त्यांचा प्रश्न उरला.

२४/
ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. केप टाउन, किम्बर्ली, जोहान्सबर्ग, नाताळ असा त्यांचा प्रवास झाला, गांधी सोबत होते. बोथा आणि स्मट्स यांच्याशी बोलणी झाल्यावर ३ पौंडांचा कर जाईल अशी गोखल्यांची खात्री झाली. १९१३ साली सरकारने असे वचन दिलेच नव्हते, असे सांगितले. गोखल्यांचा शब्द पडला ही गोष्ट गांधींना फार लागली. सत्याग्रहात कराचा प्रश्न आला तो असा.

२५/
ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील हिंदी मजुरांनी काम थांबवले. ट्रान्सवालमधून आलेल्या सत्याग्रही स्त्रियांनी त्यांना त्यासाठी उठवले होते. मजूर राहत होते ते खाणमालकांच्या कंपाउंडात. मालकांनी दिवे बंद केले, पाणी तोडले. कामावर जायचे नाही आणि राहायचे मात्र मालकाच्या भिंतीत, हे टिकणार नव्हते. गांधींनी मजुरांना सांगितले की, अंथरूण-पांघरूण घ्या आणि तेथून बाहेर पडा.

२६/
माणसे बाहेर पडली. बायका, मुले, डोक्यावर गाठोडी. न्यूकॅसलमध्ये एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबाने आपले छोटेसे घर या कामासाठी उघडे केले होते. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यासाठी चालू लागली. परवान्याशिवाय ती सीमा ओलांडणे हा हिंदी माणसासाठी गुन्हा होता. म्हणजे कंपाउंडातून निघालेल्यांपुढे प्रांताएवढे मोठे दुसरे कुंपण होतेच.

२७/
गांधींना अटक झाली. मजुरांना आगगाड्यांत भरून नाताळला परत नेले. एवढ्या माणसांना तुरुंगात ठेवायला जागा नव्हती, आणि खाणी बंद पडणेही परवडणारे नव्हते. सरकारने त्यावर काढलेली तोड अशी की, खाणींची कंपाउंडेच तुरुंगाच्या शाखा म्हणून जाहीर केली. खाणीवरच्या गोऱ्या नोकरांना तुरुंगाचे पहारेकरी नेमले. मजूर होते तेथेच होते. कालपर्यंत ते कामगार होते, आज कैदी झाले. कोळसा खणण्याची सक्ती तीच, नकार दिला की फटके.

२८/
एका सरकारी आदेशाने घर तुरुंग झाले, आणि त्यासाठी एक वीटही हलवावी लागली नाही. या शब्दाच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल. बांधणी आधीच तुरुंगाची होती, पाटी तेवढी बदलायची राहिली होती. बातम्या हिंदुस्थानात पोचल्या. आजारी गोखले पैसा उभारण्यासाठी आणि तारा पाठवण्यासाठी धडपडत राहिले. व्हाइसरॉय हार्डिंग यांनीही मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी सहानुभूती दाखवली. १९१४ च्या कायद्याने ३ पौंडांचा कर रद्द झाला. कंपाउंडे मात्र राहिली.

२९/
आज हा शब्द कोठे काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे. झांबियाच्या लुसाका शहरात ‘कंपाउंड’ म्हणजे गरिबांची दाट वस्ती. नायजेरियात कंपाउंड म्हणजे एका कुळाच्या घरांचे सामाईक अंगण. सौदी अरेबियात कंपाउंड म्हणजे परदेशी नोकरदारांची पहाऱ्यातील वसाहत. आणि मूळ मलय मुलखात? इंडोनेशियात ईदला लाखो लोक ‘पुलांग काम्पुंग’ करतात, म्हणजे गावी परततात. गावंढळ माणसाला हिणवायचे तर ‘काम्पुंगान’ म्हणतात, आणि गावाची आठवण आली तरी जिभेवर काम्पुंगच येतो.

३०/
मुंबईत कंपाउंड आले ते गिरणीचे. उंच भिंत, लोखंडी दरवाजा, आत धुराडे आणि भोंगा. गिरणगावचे दिवसरात्रीचे वेळापत्रक या दरवाजाने ठरवले. गेट मीटिंग हा शब्दच त्यातून मराठीत आला, कारण कामगारांचे पुढारी आत जाऊ शकत नसत आणि पाळी सुटताना सगळे त्याच दरवाजातून बाहेर पडत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.

३१/
किम्बर्लीत कामगाराला बाहेर पडता येत नव्हते. गिरणगावात उलटे झाले. संप रेंगाळला, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण चालल्याच नाहीत, आणि पिढ्यानपिढ्या ज्या दरवाजातून आत जायची सवय होती तो बाहेरच्या माणसाला बंद झाला. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फारच थोडे आले.

३२/
भिंती तशाच राहिल्या, आतले बदलले. ‘अमुक मिल कंपाउंड’ हा पत्ता आता कार्यालयांचा आणि उपाहारगृहांचा झाला आहे. गिरणी गेली, कापड गेले, नावात कंपाउंड उरले. धारावीत ‘तेरा कंपाउंड’ नावाचा भाग आहे. तेथे शहराने टाकलेले प्लास्टिक, पुठ्ठा आणि पत्रा वेगळा करून पुन्हा वापरात आणतात. १६७९ च्या नोंदीतील रांजणांच्या आवाराला जवळचे असे मुंबईत काही शोधायचे, तर ते बहुधा हेच. काम चालते ते कंपाउंड, आणि काम करणाऱ्यांची नावे अजूनही कागदावर नाहीत.

३३/
मराठीने या शब्दाला स्वतःचे वळणही दिले. इंग्रजीत कंपाउंड म्हणजे आतली जागा. मराठीत आपण ‘शेताला तारेचे कंपाउंड घातले’ असे म्हणतो, म्हणजे आपल्यासाठी कंपाउंड ही कडा झाली. आवार, कुंपण, गडगा, वई असे शब्द घरात असताना हा शब्द आला आणि त्यांच्यातील सगळ्यांत कोरडा अर्थ घेऊन बसला. काम्पुंग निघाला तेव्हा त्यात माणसे होती. शेताच्या बांधावर पोचेपर्यंत तार आणि खांब उरले.

३४/
तरीही इमारतीखाली संध्याकाळी मुले ‘कंपाउंडमध्ये खेळायला’ जातात तेव्हा जुना अर्थ परततो. जमणे, एकत्र येणे. तेथे क्रिकेटचा एक नियम ठरलेला असतो. चेंडू भिंतीबाहेर गेला तर सिक्सर नाही, आउट. आणि त्याच वेळी फाटकावर घरकामाच्या बाईंना वहीत नाव, वेळ आणि कोणाकडे जायचे ते लिहावे लागते, रोज येत असल्या तरी. आत राहणाऱ्याला ती वही कधी दिसतही नाही.

३५/
जुने कंपाउंड दिसले, गिरणीचे, छावणीतल्या बंगल्याचे किंवा मिशनचे, तर भिंतीची उंची मोजण्याआधी दरवाजापाशी थांबावे. कडी आतून आहे की बाहेरून, आणि ती कोणाच्या हाताने निघत असे, हे आधी पाहावे. न्यूकॅसलच्या मजुरांना ते एका रात्रीत कळले, दिवे गेले तेव्हा.

(थ्रेड समाप्त)